कळ, पाऊल आणि दुरुस्ती : १९०९ मधील दोन संहिता आणि यंत्रसंस्कृतीच्या भविष्यचित्राविषयीचा संशय

१

भविष्यकाळाचे चित्रण करणाऱ्या साहित्यकृतीची चर्चा सुरू झाली की 'यातले किती खरे ठरले?' हा प्रश्न जवळजवळ अपरिहार्यपणे पुढे येतो. ज्यूल व्हर्नच्या पाणबुडीचा किंवा एच. जी. वेल्सने १९१४ मध्येच कल्पिलेल्या अणुबाँबचा दाखला दिला जातो, लेखक द्रष्टा होता असा निर्वाळा मिळतो आणि चर्चा तेथेच आटोपते. यंत्रप्रगत अशा एकजिनसी जागतिक संस्कृतीच्या स्वप्नाकडे संशयाने पाहणाऱ्या साहित्यालाही हाच मापदंड लावला जातो, ही त्यातील विशेष गोष्ट. ई. एम. फॉर्स्टरची 'द मशीन स्टॉप्स' ही दीर्घकथा याचे ठळक उदाहरण होय. २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे घरोघरी कोंडून पडलेली माणसे पडद्यावरून एकमेकांशी बोलू लागली, तेव्हा ही कथा अनेक देशांत नव्याने वाचली गेली. आणि शतकापूर्वी लेखकाने हे सारे आधीच पाहिले होते, अशी तिची वाखाणणी झाली. ही वाखाणणी खोटी नाही; पण ती कथेला न्याय देणारीही नाही. भविष्यवेत्त्यांवर अविश्वास दाखविणाऱ्या लेखकाला उत्तम भविष्यवेत्ता ठरविणे म्हणजे त्याने नाकारलेल्या पंक्तीतच त्याला नेऊन बसविणे होय.

साहित्यातील संशय हा प्रतिभविष्य नसतो. तो मुख्यतः लेखकाच्या वर्तमानातील बोलण्याविषयी असतो : भविष्याबद्दल जे काही आत्मविश्वासाने सांगितले जात आहे त्याची भाषा, त्यातील गृहीतके आणि त्यात गाळली गेलेली माणसे यांची तो तपासणी करतो. या दृष्टीने १९०९ हे वर्ष लक्षणीय ठरते. २० फेब्रुवारी १९०९ रोजी पॅरिसच्या 'ल फिगारो' या दैनिकात मारिनेत्तीने भविष्यवादाचा जाहीरनामा प्रसिद्ध करून वेग, मोटार आणि यंत्र यांचा जयघोष केला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फॉर्स्टरची वरील कथा 'ऑक्सफर्ड अँड केंब्रिज रिव्ह्यू'मध्ये आली. आणि त्याच नोव्हेंबरात, १३ ते २२ या तारखांच्या दरम्यान, इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेस जाणाऱ्या 'किल्डोनन कॅसल' या बोटीवर मोहनदास करमचंद गांधी यांनी 'हिंद स्वराज्य' ही पुस्तिका गुजरातीत लिहून काढली. या शेवटच्या दोन संहिता एकमेकींच्या शेजारी ठेवून वाचण्याची पद्धत आपल्याकडे फारशी नाही. एक इंग्रजीच्या अभ्यासक्रमात पडते, दुसरी राज्यशास्त्राच्या. आणि दोहोंमधील जे साम्य वाङ्मयीन दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे ते या वाटणीत हरवते.

२

फॉर्स्टरने आपली कथा वेल्सच्या एका आरंभीच्या स्वर्गाविरुद्धची प्रतिक्रिया असल्याचे पुढे आपल्या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. हा स्वर्ग कोणता, याचा शोध वेल्सच्या १९०१ च्या 'अँटिसिपेशन्स' आणि १९०५ च्या 'अ मॉडर्न युटोपिया' या दोन ग्रंथांपाशी येऊन थांबतो. वेल्स हा उथळ आशावादी नव्हता, हे प्रथमच मान्य करावयास हवे. 'द टाइम मशीन' (१८९५) लिहिणाऱ्याला प्रगतीच्या पोटातील ऱ्हास दिसला नव्हता असे कोण म्हणेल? परंतु शतकाच्या वळणावर त्याने कथाकाराची भूमिका बाजूला ठेवून आखणीकाराची भूमिका घेतली, आणि तेथे त्याची भाषा बदलली.

'अ मॉडर्न युटोपिया'मधील जग एकसंध आहे. राष्ट्रे विरघळली आहेत, एकच जागतिक राज्य आहे, प्रवास सुलभ आहे. या सुलभ प्रवासामुळे कोण कोठे आहे हे कळेनासे होऊ नये म्हणून पृथ्वीवरील प्रत्येक माणसाची नोंद ठेवणारी एक विराट सूची वेल्सने कल्पिली; अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखणारी ही सूची पॅरिसजवळच्या इमारतींच्या रांगांत ठेवलेली आहे. वेल्सला या कल्पनेत भय जाणवत नाही. उलट ती सोय आहे असेच तो सांगतो. (बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याची पद्धत प्रशासनात प्रथम रुजली ती वसाहतीच्या काळातील बंगालमध्ये, ही गोष्ट येथे सहज आठवते. युटोपियाचे सामान पुष्कळदा वसाहतीच्या कोठारातून येते.)

'अँटिसिपेशन्स'चा शेवट याहून कठोर आहे. कार्यक्षमतेवर उभारलेल्या नव्या जागतिक प्रजासत्ताकात काळ्या, तपकिरी, पिवळ्या वर्णाच्या ज्या लोकसमूहांना स्थान मिळविता येणार नाही त्यांना नाहीसे व्हावे लागेल, असे वेल्स तेथे निर्विकारपणे लिहितो. चारच वर्षांनी 'अ मॉडर्न युटोपिया'त वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेचा त्याने स्वतंत्र प्रकरण लिहून समाचार घेतला, हेही सांगितले पाहिजे. एरवी त्याच्यावर अन्याय होईल. तरीही प्रश्न उरतोच. 'जागतिक संस्कृती' हा शब्द उच्चारला जातो तेव्हा त्या जगात कोणाला धरले आहे? मुंबईत किंवा पुण्यात बसून वेल्स वाचणाऱ्या तत्कालीन वाचकाला हा प्रश्न टाळता येणे शक्य नव्हते.

३

फॉर्स्टरच्या कथेत सबंध मानवजात जमिनीखाली राहते. प्रत्येकाला मधमाश्यांच्या पोळ्यातील घरासारखी षट्कोनी खोली, एक खुर्ची आणि चहूकडे कळा : अन्नाची, वस्त्रांची, गरम पाण्याच्या न्हाणीची, संगीताची, वाङ्मयाची. वाष्ती ही या जगातील सुसंस्कृत स्त्री. ती हजारो लोकांना ओळखते, संगीताच्या इतिहासावर खोलीत बसून व्याख्याने देते आणि कोणालाही प्रत्यक्ष भेटत नाही. तिचा मुलगा कुनो पृथ्वीच्या दुसऱ्या गोलार्धात राहतो. आईने समक्ष यावे, यंत्रामधून नव्हे, अशी त्याची मागणी आहे. आणि सबंध कथा या एका मागणीतून उलगडते. विज्ञानकथेच्या ठरीव साच्यात शोध, आक्रमण किंवा क्रांती यांना जे स्थान असते ते येथे आई-मुलाच्या भेटीला दिलेले आहे, ही गोष्ट कथेच्या मूल्यमापनात पुरेशी लक्षात घेतली जात नाही.

वाष्तीचा विमानप्रवास हा कथेतील उपरोधाचा उत्कृष्ट नमुना होय. जग सर्वत्र सारखेच झाल्यामुळे प्रवासाचे प्रयोजन संपले आहे. पीकिंग आणि इंग्लंडमधले एखादे गाव यांत फरक उरलेला नाही, मग जायचे कशाला? तोल जाणाऱ्या वाष्तीला सावरण्यासाठी विमानातील परिचारिका हात पुढे करते, तर वाष्ती संतापते, कारण स्पर्श हा आता असभ्यपणा ठरला आहे. खाली हिमालय दिसतो. त्यातून आपल्याला एकही कल्पना सुचत नाही अशा समजुतीने ती खिडकीचा पडदा ओढून घेते. पुढे कॉकेशस आणि ग्रीस यांचीही तीच गत होते. येथे फॉर्स्टर यंत्राला एका शब्दानेही दूषण देत नाही. वाष्तीच्या दृष्टीतून निवेदन करीत असताना तिच्या मूल्यांची भाषाच तो जशीच्या तशी वापरतो, आणि तिच्या तोंडचा 'कल्पना' हा शब्द हळूहळू पोकळ होत जातो. पुढे एक मान्यवर व्याख्याता प्रत्यक्ष अनुभवातून आलेल्या कल्पनांपासून सावध राहण्याचा उपदेश करतो. कल्पना दहा हातांतून गेलेली असावी, तरच ती निर्दोष, असे त्याचे मत. विद्यापीठीय वाचकाला हा भाग थोडा बोचावा अशीच त्याची योजना दिसते.

कथेचे मर्म मात्र तिसऱ्या भागात आहे. यंत्राला आता देवत्व प्राप्त झाले आहे. प्रत्येक खोलीत असलेले एकमेव पुस्तक, म्हणजे यंत्राची माहितीपुस्तिका, धर्मग्रंथासारखे पूजिले जाते. आणि बिघाड सुरू होतात. प्रथम संगीतात एक धाप लागल्यासारखा आवाज येऊ लागतो. तक्रार केली जाते; ती वरच्या समितीकडे पाठविली जाईल असे उत्तर येते. मग फळांना बुरशी लागते, न्हाणीच्या पाण्याला दुर्गंधी येते, कविता करणारे यंत्र सदोष यमके जुळवू लागते. प्रत्येक वेळी लोक प्रथम कुरकुरतात, मग सहन करतात आणि शेवटी त्यांना त्या बिघाडाची सवय होते. संगीतातील ती धाप काही काळाने सुरावटीचाच भाग वाटू लागते. अखेरीस असे जाहीर होते की दुरुस्तीची यंत्रणाच दुरुस्तीला आली आहे. सबंध यंत्र जाणणारा एकही माणूस आता हयात नसतो. ज्यांनी ते उभारले त्यांनी सूचना मागे ठेवल्या, वारसांनी त्या एकेका तुकड्यापुरत्या आत्मसात केल्या.

हे यंत्र बंड करीत नाही, माणसाला गुलाम करण्याचा कट रचीत नाही, त्याला इच्छाच नाही. ते थांबते, एवढेच. शीर्षकातील क्रियापद अकर्मक आहे. विसाव्या शतकातील यंत्रविरोधी साहित्याचा मोठा भाग सत्ताधीश यंत्राच्या किंवा यंत्र वापरणाऱ्या सत्ताधीशाच्या भयावर उभा आहे. झाम्यातिन आणि ऑल्डस हक्स्ली यांच्या कादंबऱ्यांतील व्यवस्था तर उत्तम चालतात, आणि त्या उत्तम चालतात हेच तेथे भयावह आहे. फॉर्स्टरचा संशय वेगळ्या जातीचा आहे. भविष्याच्या आराखड्यात उभारणीचे वर्णन असते, देखभालीचे नसते. हा आराखडा चालू कोण ठेवणार, त्याला त्याचे ज्ञान कोठून मिळणार आणि तो काय मोबदल्यात ते करणार, या प्रश्नांना तेथे जागाच नसते. वेल्सच्या स्वर्गातील नेमकी हीच फट फॉर्स्टरने हेरली.

फॉर्स्टरचा एका मराठी संस्थानाशी निकटचा संबंध पुढे १९२१ मध्ये आला. पवार घराण्याच्या देवास (थोरली पाती) संस्थानात तो काही महिने महाराजांचा खाजगी सचिव होता. तेथील गोकुळाष्टमीचा उत्सव आणि तुकारामाचे नाव 'अ पॅसेज टू इंडिया' (१९२४) या कादंबरीत उतरले आहे. देवासच्या आठवणींच्या त्याच्या पुस्तकात नव्याने खरेदी केलेल्या, पण हवेने तडकून न वाजणाऱ्या पियानोंचे वर्णन येते. 'द मशीन स्टॉप्स'च्या लेखकाला ते पियानो दिसणे साहजिकच होते.

४

'हिंद स्वराज्य'च्या सहाव्या प्रकरणात, आधुनिक सुधारणा म्हणजे काय हे सांगताना, संपादकाच्या तोंडी एक लहानसे भविष्यचित्र घातलेले आहे. माणसे आकाशयानाने काही तासांत जगाच्या कोठल्याही भागात जातील असे सांगितले जाते. त्यांना हातापायांची गरज उरणार नाही. एक कळ दाबली की कपडे, दुसरी दाबली की वर्तमानपत्र, तिसरी दाबली की मोटार हजर होईल. नाना तऱ्हेची पक्वान्ने पुढे येतील. सारे काही यंत्राने होईल. हा मजकूर आणि वाष्तीची खोली यांतील साम्य चकित करणारे आहे. दोन्ही संहिता एकाच महिन्यातल्या. आणि एकीचा दुसरीवर प्रभाव पडला असे मानण्यास आधार नाही, तशी गरजही नाही. साम्याचे कारण उघड आहे. दोघांनीही ही कळ स्वतः कल्पिलेली नाही, ती त्या काळच्या इंग्लंडमधील बोलण्यातून उचललेली आहे. गांधी तर 'असे सांगण्यात येते' या पवित्र्यानेच तिचा उल्लेख करतात. ते भविष्य सांगत नाहीत, भविष्य सांगणाऱ्यांचा अनुवाद करतात. अनुवादातील निर्विकार स्वर हाच त्यांचा उपरोध.

साम्य येथे संपत नाही. कुनो आपल्या खोलीबाहेरच्या बोगद्यात चालण्याचा सराव करतो. थकेपर्यंत चालल्यावर त्याला 'जवळ' आणि 'दूर' या शब्दांचा हरवलेला अर्थ पुन्हा सापडतो : पायांनी लवकर पोचता येते ते जवळ. विमान किती वेळात नेते यावर जवळ-दूर ठरत नाही. माणसाचे शरीर हेच माप. गांधींनी रेल्वेच्या चर्चेच्या ओघात नेमका हाच मुद्दा मांडला आहे. ईश्वराने शरीराच्या घडणीतच माणसाच्या हिंडण्याफिरण्याला मर्यादा घातली होती, हातपाय नेतील तेवढेच त्याने जावे. माणसाने ती मर्यादा ओलांडण्याच्या युक्त्या काढल्या आणि ज्यांची सेवा करणे त्याच्या आवाक्यात नाही अशांच्या संपर्कात येऊन तो गोंधळला. दोन भिन्न संस्कृतींतील, भिन्न प्रकृतीचे दोन लेखक एकाच महिन्यात पावलापाशी येऊन थांबतात. त्यांच्यामध्ये एक समान दुवा आहे तो एडवर्ड कार्पेंटरचा. सुधारणा हा एक रोग आहे असे मांडणारे त्याचे पुस्तक 'हिंद स्वराज्य'च्या परिशिष्टातील वाचनीय ग्रंथांच्या यादीत आहे, आणि फॉर्स्टरही पुढे त्याच्या प्रभावाखाली आला. तरीही केवळ कार्पेंटरने हे साम्य उलगडत नाही.

भेदही तितकेच महत्त्वाचे आहेत. फॉर्स्टरच्या जगाला 'बाहेर' जवळजवळ नाही. भूपृष्ठावर काही निर्वासित माणसे आहेत असे कुनो सांगतो, पण वाचकाला त्यांची ओझरतीच चाहूल लागते. गांधींच्या जगाला मात्र 'बाहेर' आहे, ते म्हणजे रेल्वे न पोचलेला हिंदुस्थान. ही सुधारणा अशी आहे की धीर धरला तर ती आपोआप नष्ट होईल, हे त्यांचे विधान फॉर्स्टरच्या थांबणाऱ्या यंत्राच्या अगदी जवळ जाते. पण ती नष्ट झाल्यावर कोठे जायचे ते गांधींना ठाऊक आहे, फॉर्स्टरला नाही. रूपाच्या दृष्टीने पाहता फॉर्स्टर कथा सांगतो, गांधी संवाद लिहितात. या संवादातील 'वाचक' हा लंडनमधील क्रांतिकारक हिंदी तरुणांच्या विचारांचा प्रतिनिधी मानला जातो, आणि त्याच्या शंका कमकुवत नाहीत. यंत्राविरुद्धचे हे पुस्तक तर यंत्रावरच छापले जाते, हा आक्षेप संहितेतच येतो; विषाने विष उतरते अशा आशयाचे उत्तर संपादक देतो. हे उत्तर चतुर आहे, समाधानकारक नाही. आक्षेप गाळला गेला नाही, हे मात्र महत्त्वाचे. संशयी साहित्याने स्वतःविषयीचा संशय संहितेत ठेवावा, ही अपेक्षा येथे पुरी होते.

गांधींचा यंत्रविचार १९०९ मध्ये थिजून राहिला नाही. १९२४ मध्ये त्यांनी आपला विरोध यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे असे स्पष्ट केले आणि सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. त्याहून उद्बोधक आहे ती १९२९ ची घटना. अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्याच्या अटींत किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, आणि वेळच्या वेळी दुरुस्ती केल्यास यंत्र वीस वर्षे चालावे, झिजलेल्या भागांचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा, अशा तरतुदी होत्या. यंत्रविरोधी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाच्या चळवळीने यंत्रासाठी घातलेल्या या अटी वाङ्मयाच्या अभ्यासकानेही वाचाव्यात. वेल्सच्या आराखड्यात जे कलम नाही आणि ज्याच्या अभावी फॉर्स्टरचे जग कोसळते, ते कलम येथे टक्केवारीसह लिहिलेले आहे.

५

या संशयाला मराठी प्रदेशातून मिळालेले सर्वांत गंभीर उत्तर भविष्यवाद्यांकडून आलेले नाही. 'किर्लोस्कर' मासिक १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' या नावाने एका यंत्र-कारखान्याच्या वसाहतीतून निघू लागले. त्याच मासिकातून १९३० नंतरच्या काळात वि. दा. सावरकरांनी विज्ञान आणि यंत्र यांचा जोरकस पुरस्कार केला. ऑक्टोबर १९०९ मध्ये लंडनला गांधी आणि सावरकर एकाच व्यासपीठावर आले होते, हे लक्षात घेता 'हिंद स्वराज्य'मधील 'वाचका'ने वीसएक वर्षांनी मराठीतून उत्तर दिले असे गमतीने म्हणता येईल. पण ते उत्तर यंत्राच्या सामर्थ्यावर भर देणारे आहे. संशयाच्या मुळाशी ते जात नाही.

मुळाशी जाते ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उत्तर. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा ताळेबंद मांडणाऱ्या १९४५ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी यंत्राचा प्रश्न स्वतंत्रपणे घेतला. त्यांचा युक्तिवाद असा : पशू आणि माणूस यांतील फरक संस्कृतीत आहे, संस्कृतीला फुरसत लागते, आणि सर्वांना फुरसत मिळण्याचा मार्ग यंत्राखेरीज दुसरा नाही. यंत्रामुळे अनर्थ झाले असतील तर दोष यंत्राचा नसून त्याचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. कष्टाकडे परत जाण्याचा उपदेश हा बहुसंख्यांना पशुजीवनाकडे परत जाण्याचा उपदेश ठरतो.

या युक्तिवादाच्या प्रकाशात १९०९ च्या दोन्ही संहिता पुन्हा वाचल्या की त्यांतील एक मौन ऐकू येऊ लागते. कुनोला चालण्यात मुक्ती सापडते, कारण त्याच्यावर चालण्याची सक्ती कधी झालेली नाही. ज्याच्या पिढ्यान्‌पिढ्या पायी ओझी वाहण्यात गेल्या त्याला 'पाऊल हेच माप' हे वचन वेगळे ऐकू येणार. दलित आत्मकथनांत शरीर हे मुक्तीच्या आधी वेठीचे, भुकेचे आणि अपमानाचे स्थान म्हणून येते. तेथे शरीराकडे परतणे हा आदर्श होऊ शकत नाही. गांधींच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की 'हिंद स्वराज्य'च्या यंत्रविषयक प्रकरणात मुंबईच्या गिरण्यांतील मजूर आणि विशेषतः स्त्रिया यांच्या अवस्थेचा थेट उल्लेख आहे. फॉर्स्टरच्या कथेत मजूरच नाहीत. अन्न कळ दाबली की येते, ते पिकविणारा कोणी दिसत नाही. दुरुस्तीसुद्धा माणसे करीत नाहीत, पांढऱ्या किड्यांसारखे यांत्रिक दोर करतात. वेल्सच्या स्वर्गाची थट्टा करताना त्या स्वर्गाचे हे गृहीतक फॉर्स्टरने न तपासता स्वीकारले. ही त्याच्या संशयाची मर्यादा होय, आणि कथा शिकविताना ती झाकून ठेवण्याचे कारण नाही.

मराठी ललित साहित्यात हा संशय दोन निराळ्या वळणांनी आला. १९०९ मध्येच जन्मलेल्या बा. सी. मर्ढेकरांच्या कवितेत यंत्रयुग हे भविष्य नाही, ते महानगरातील चालू वर्तमान आहे. 'काही कविता' (१९४७) आणि 'आणखी काही कविता' (१९५१) या संग्रहांत यांत्रिकता कोठे उद्या येणार नाही, ती माणसांच्या हालचालीत, शब्दांत आणि प्रार्थनेतही शिरलेली आहे. म्हणून तेथे आराखड्यावर टीका नाही, आराखडा कधीच पुरा न होता त्याचे दुष्परिणाम मात्र पुरे झाले आहेत अशी जाणीव आहे. युरोपला यंत्रसंस्कृतीचा कंटाळा आला तेव्हा येथे ती अर्धवट पोचली होती, हे मर्ढेकरांच्या उपरोधाचे एक कारण असावे.

दुसरे वळण विज्ञानकथेचे. जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' (१९८६) या कादंबरीत भूगर्भात सापडलेल्या एका लुप्त, अतिप्रगत संस्कृतीच्या ज्ञानभांडारावरून वामन नावाचा यंत्रमानव तयार होतो. आणि ती संस्कृती आपल्याच यंत्रमानवांवरील परावलंबनामुळे लयाला गेली होती हे हळूहळू उघड होते. परावलंबनाचे सूत्र फॉर्स्टरच्या जवळचे आहे. तथापि येथे यंत्राला हेतू आहे. आपल्यासारखे आणखी यंत्रमानव निर्माण व्हावेत ही त्याची आकांक्षा आहे. हेतू आला की प्रतिनायक येतो, प्रतिनायक आला की त्याला रोखता येते, आणि शीर्षकाने सुचविल्याप्रमाणे कथेला दिलासा देणारा शेवट करता येतो. पुराणातील वामनाच्या नावाचा उपयोग चतुर आहे. तीन पावलांत सारे व्यापणाऱ्याची आठवण मराठी वाचकाला वेगळी करून द्यावी लागत नाही. फॉर्स्टरच्या कथेत असा दिलासा नाही, कारण रोखण्यासारखे तेथे कोणी नाही. एका स्वतः वैज्ञानिक असलेल्या लेखकाने विज्ञानाच्या परिघात राहून असा संशय व्यक्त करावा, हे मात्र मराठी विज्ञानकथेच्या इतिहासात मोलाचे आहे. १९६६ पासून मराठी विज्ञान परिषदेने जोपासलेल्या विज्ञानप्रसाराच्या वातावरणात तो सहज सुचणारा विषय नव्हता.

या परंपरेत नायक बहुधा वैज्ञानिक असतो, प्रसंगी प्रशासक किंवा सैन्याधिकारी. यंत्र बिघडले तर ते उघडून पाहणारा माणूस, रात्रपाळीचा फिटर, तारा जोडणारा वायरमन, तुंबलेल्या गटारात उतरणारा सफाई कामगार, हा मराठी विज्ञानकथेत क्वचितच दिसतो. वाष्तीच्या न्हाणीच्या पाण्याला दुर्गंधी येते तेव्हा ती समितीकडे तक्रार करते. भारतीय शहरात ते पाणी साफ करण्याची व्यवस्था प्रदीर्घ काळ जातीने ठरवून दिलेली होती, आणि हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि पुन्हा २०१३ मध्ये कायदे करावे लागले. फॉर्स्टरने कल्पिलेली अदृश्य दुरुस्ती-यंत्रणा येथे कल्पित नव्हती, ती माणसांची बनलेली होती. आणि त्या माणसांच्या बाजूने सांगितलेली भविष्यकथा मराठीत अद्याप आपली वाट शोधते आहे.